शेडच्या फरशीवर इपॉक्सी: डबा उघडण्याआधीचं आणि नंतरचं काम

इपॉक्सी म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळून फरशीवर लावायचा, वाळून कडक होणारा थर. तिचा सुटलेला पोपडा हाती आला तर तो आधी उलटा करून बघा. मागची बाजू गुळगुळीत, चकचकीत असेल तर थर काँक्रीटला धरलाच नव्हता. फरशी न घासता किंवा तेलावरच लावलेला असणार. मागे करडी पूड चिकटून आली असेल तर थराने पकड घेतली होती, पण ती काँक्रीटवर धरलेल्या सिमेंटच्या कच्च्या सायीवर. पाण्याने भरलेले फोड फुटून त्याखाली पांढरा क्षार दिसला तर ओल खालून वर आली. या तिन्ही कारणांचा डब्यातल्या मालाशी फारसा संबंध नाही. म्हणून या कामातला निम्म्याहून अधिक वेळ तयारीला द्यावा लागतो. गावाकडच्या शेडला तर जास्तच, कारण तिथली फरशी बहुधा मातीवर थेट ओतलेली असते आणि तिच्यावर अनेक वर्षं डिझेल, ग्रीस, खतं नि चिखल पडलेला असतो.

आधी फरशी पारखा

नवं काँक्रीट असेल तर किमान २८ दिवस थांबा. जुनं असेल तर तीन साध्या चाचण्या घ्या. हातोडीने ठोकत फिरा. जिथे पोकळ आवाज येईल तिथला भाग काढून नव्याने भरावा लागेल. खिळ्याने जोर लावून ओरखडा काढा. खोल चर पडून पूड निघाली तर वरचा थर कच्चा आहे. मग ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाका. पाणी मिनिटभरात शोषलं जाऊन डाग गडद झाला तर ठीक. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर तिथे तेल तरी आहे किंवा जुना सीलर (छिद्रं बुजवणारा लेप) तरी.

ओलीची चाचणी टाळू नका. ४५ × ४५ सेंटिमीटरचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने हवाबंद चिकटवा आणि किमान १६ तास तसाच ठेवा. एक मध्यभागी, एक बाहेरच्या भिंतीलगत, एक दाराजवळ, असे तीन-चार तुकडे लावा. उघडल्यावर प्लास्टिकच्या आतून थेंब दिसले किंवा खालचं काँक्रीट गडद झालेलं दिसलं तर वाफ वर येते आहे. ही चाचणी कोरड्या दिवसांत घेतली तर फसवते. जमिनीखालचं पाणी पावसाळ्यात वर येतं, त्यामुळे खरी परीक्षा ओल्या ऋतूतच होते. वाफ किती येते हे प्लास्टिकवरून कळत नाही. आकडा हवा असेल तर स्लॅबच्या जाडीच्या ४० टक्के खोलीपर्यंत भोक पाडून त्यात आर्द्रतामापक बसवतात. ७५ ते ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता असेल तर साधी इपॉक्सी लावू नये. नेमकी मर्यादा मालाच्या माहितीपत्रकात दिलेली असते.

ओल निघाली तर आधी शेडच्या बाहेर बघा. पत्र्यावरचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडत असेल तर पन्हळ लावून ते दूर न्या. भोवतालच्या जमिनीला भिंतीपासून बाहेरच्या दिशेने मीटरमागे २ सेंटिमीटर उतार द्या. तरीही ओल राहिली तर ओल अडवणारा खास इपॉक्सी प्रायमर मिळतो, पण तो जाड लागतो आणि महाग पडतो. नुसती धूळ उडू नये एवढीच गरज असेल तर सिलिकेटचं द्रव हार्डनर (हे काँक्रीट कडक करणारं, इपॉक्सीतलं नव्हे) काँक्रीटमध्ये जिरवणं हा अधिक शहाणपणाचा पर्याय. त्याचा थर होत नाही, त्यामुळे सुटायला काही उरत नाही.

आणखी एका जागी इपॉक्सी नको: दूध सांडतं, मुरघास ठेवतात किंवा जनावरं बांधतात तिथे. लॅक्टिक आणि ॲसेटिक यांसारखी सेंद्रिय आम्लं साध्या इपॉक्सीला हळूहळू खातात. तिथे पॉलियुरेथेन-सिमेंटची फरशी टिकते.

तेल

तेल आणि घासणं यांचा क्रम चुकवू नका. तेलकट फरशीवर ग्राइंडर फिरवला की तेल पसरतं आणि छिद्रांत आणखी दाबलं जातं. आधी साचलेलं ग्रीस पत्र्याने खरवडा, मग अल्कली डिग्रीझर (तेल काढणारं द्रावण) गरम पाण्यात मिसळून ओता, ताठ ब्रशने घासा, १५ मिनिटं ठेवून पाण्यासह उचलून घ्या. पाणी तिथेच वाळू दिलं तर सुटलेलं तेल पुन्हा आत जातं. थेंबाची चाचणी पास होईपर्यंत हे दोनदा, तिनदा, लागेल तितक्यांदा करा. ट्रॅक्टर कायम उभा राहतो तिथला डाग काही केल्या जात नसेल तर तेवढं काँक्रीट छिन्नीने उकरून इपॉक्सी मॉर्टरने (इपॉक्सी आणि वाळूच्या मिश्रणाने) भरणं स्वस्त पडतं. सिलिकॉनचा स्प्रे शेडमध्ये कधी वापरला असेल तर लक्षात ठेवा: त्याचा अदृश्य शिंतोडाही ओल्या इपॉक्सीत माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पाडतो.

घासणं

डायमंड ग्राइंडर हेच योग्य साधन. घासल्यावर हात फिरवला तर ८० ते १०० नंबरच्या पॉलिश पेपरसारखा खरखरीतपणा लागला पाहिजे आणि सिमेंटची साय जाऊन वाळूचे कण दिसले पाहिजेत. भिंतीच्या कडा मोठ्या यंत्राला पोचत नाहीत. तिथे हातातला ग्राइंडर कप व्हीलसह (वाटीच्या आकाराच्या चकतीसह) वापरा. पोपडे निघायला सुरुवात बहुधा कडेपासूनच होते, म्हणून तिथे आळस नको.

फरशी धुण्याचं ॲसिड हा दुय्यम पर्याय. एक भाग हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि चार भाग पाणी, आणि नेहमी पाण्यात ॲसिड ओतायचं, उलट कधीही नाही. ओतल्यावर फेस आला नाही तर खाली सीलर किंवा तेल आहे. ॲसिड तिथे काही करणार नाही. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारा, दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा आणि फरशी पूर्ण वाळू द्या. यात अनेक दिवस जातात. शिवाय ॲसिडची वाफ शेडमधल्या अवजारांना एका रात्रीत गंज चढवते, हे सांगायचं बहुतेकजण विसरतात.

घासताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने फुप्फुसं कायमची निकामी होऊ शकतात. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. चेहऱ्यावर घट्ट बसणारा, बारीक धूळ गाळणारा मास्क आणि ग्राइंडरला जोडलेला व्हॅक्युम लागतो. काम संपल्यावर झाडू मारू नका, व्हॅक्युमच फिरवा. तुळया आणि पत्र्याच्या आतली बाजूही साफ करा, नाहीतर तिथली धूळ ओल्या थरावर पडेल.

भेगा व्ही आकारात थोड्या रुंद करून, धूळ काढून इपॉक्सी पेस्टने भरा. मात्र स्लॅब ओतताना मुद्दाम ठेवलेले हलते सांधे कडक इपॉक्सीने बुजवू नका. स्लॅब हलला की थर नेमका त्या रेषेवर फाटतो. तिथे लवचीक भरण हवं.

दिवस आणि वेळ

फरशीचं तापमान १० ते ३० अंश सेल्सियस आणि हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली असावी. फरशी दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ थेंब होऊन बसू लागते त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी गरम असली पाहिजे. हवा २८ अंशांवर आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू साधारण २४ अंश येतो, म्हणजे फरशी २७ च्या वर हवी. सावलीतला जाड स्लॅब सकाळी हवेपेक्षा गार असतो, त्यामुळे हवा मोजून भागत नाही, फरशीच मोजा.

उष्ण दिवसांत सकाळी काम सुरू करायचा मोह होतो. पण दिवस चढू लागला की काँक्रीटमधली हवा प्रसरण पावून बाहेर येते आणि ओल्या थरात बुडबुडे, टाचणीएवढी भोकं पडतात. प्रायमर दुपार उतरल्यावर, तापमान घटत असताना लावा. मग हवा उलट आत ओढली जाते आणि तिच्यासोबत प्रायमरही. थंडीत धुराडं नसलेली रॉकेलची शेगडी लावून शेड गरम करू नका. तिच्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि वाफ हार्डनरशी मिसळून वर तेलकट, मेणचट पापुद्रा धरते. तसा पापुद्रा आलाच तर साबण आणि कोमट पाण्याने धुवा. थिनरने तो फक्त पसरतो.

किती माल, कसा मिसळायचा

पूर्ण घन, म्हणजे पाणी किंवा थिनर नसलेल्या इपॉक्सीचा हिशेब सोपा आहे: १ लिटरमध्ये १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर थर होतो. ६ × ९ मीटरची शेड म्हणजे ५४ चौरस मीटर. प्रायमर सच्छिद्र काँक्रीटवर लिटरला सुमारे ५ चौरस मीटर जातो, म्हणून ११ लिटर. मधला, म्हणजे प्रायमरवरचा रंगाचा थर ३०० मायक्रॉनचा (०.३ मिलिमीटर) धरला तर १६.२ लिटर, वाया जाणारा १० टक्के मिळवून १८. पाण्यावर आधारित, ५० टक्के घन असलेला माल घेतला तर ओला थर वाळून निम्मा उरतो. डब्यावर लिहिलेलं क्षेत्रफळ वाचताना हे ध्यानात ठेवा. ट्रॅक्टर किंवा जीप आत येणार असेल तर असा पातळ थर टिकायचा नाही.

१८ लिटर एकदम मिसळू नका. बादलीत साठलेलं मिश्रण स्वतःच्या उष्णतेने तापत जातं, धूर निघू शकतो आणि दगड होतं. ४.५ लिटरचे चार घाणे करा. प्रमाण आकारमानाने २:१ असेल तर ३ लिटर रेझिन, १.५ लिटर हार्डनर. एका घाण्यात १३.५ चौरस मीटर होतात, म्हणजे ६ मीटर रुंदीच्या शेडमध्ये २.२५ मीटरचा पट्टा. भिंतीवर दर २.२५ मीटरला खडूने खूण करा. पट्ट्याच्या शेवटी माल उरला किंवा कमी पडला तर थराची जाडी चुकते आहे हे पहिल्याच घाण्यात कळेल. प्रमाण वजनाने दिलं आहे की आकारमानाने, हे डब्यावर नीट वाचा. दोन्ही भागांची घनता वेगळी असल्याने हे आकडे एक नसतात.

लवकर वाळावं म्हणून हार्डनर जरा जास्त घालणं ही सर्रास होणारी चूक. हार्डनर रेझिनशी ठराविक मापातच जोडला जातो. जास्तीचा मोकळा राहतो आणि फरशी कायमची चिकट होते.

आधी रेझिन एकटं ढवळा, कारण रंग तळाशी बसलेला असतो. मग हार्डनर घालून मिनिटाला ३०० ते ४०० फेऱ्यांच्या संथ गतीने ३ मिनिटं मिक्सर फिरवा, कडा आणि तळ खरवडा. त्यानंतर मिश्रण दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून आणखी मिनिटभर ढवळा. पहिल्या बादलीच्या कडांना अर्धवट मिसळलेला माल राहतो. ती फरशीवर उपडी करून निथळत ठेवली तर नेमके तेवढेच डाग मऊ राहतात.

हाताला लेटेक्स नको, नायट्राइलचे मोजे घाला. अंगाला लागलं तर साबणाने धुवा, थिनरने नाही. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते.

लावणं

मिश्रण तयार होताच पूर्ण बादली फरशीवर ओळीत ओता. पसरल्यावर ते गार राहतं. २५ अंशांना साधारण ३० ते ४० मिनिटं काम करता येतं आणि दर १० अंश वाढीमागे हा वेळ निम्मा होतो. कडा ब्रशने आधी धरा, मग दातेरी स्क्वीजीने (दांड्याला लावलेल्या रबरी पट्टीने) पसरवून तंतू न सोडणाऱ्या बारीक लवीच्या रोलरने एकदा उभा, एकदा आडवा हात मारा. मागच्या भिंतीकडून दाराकडे या. ओल्या थरावरून चालायला खिळ्यांचे तळवे बुटांना बांधा. एका पट्ट्याची कड ओली असतानाच पुढचा ओता, म्हणजे सांध्याची रेषा दिसणार नाही. यासाठी दोन माणसं लागतात: एक मिसळणारा, एक पसरणारा.

प्रायमर आणि पुढच्या थरात साधारण १२ ते २४ तासांचं अंतर ठेवा. वेळ उलटून गेली तर १०० नंबरच्या पेपरने चकाकी मोडून, पुसून मगच पुढचा थर लावा. प्रायमर काही भागांत पूर्ण शोषला जाऊन फरशी कोरडी दिसली तर तिथे दुसरा हात द्या. भोकं तिथेच पडतात.

पाणी सांडलं की इपॉक्सीची फरशी घसरडी होते. चालण्याच्या आणि चाकांच्या वाटेवर मधला थर ओला असतानाच ०.३ ते ०.८ मिलिमीटरची कोरडी सिलिका वाळू चौरस मीटरला सुमारे ३०० ग्रॅम उधळा. दाराजवळ ऊन येतं तिथे इपॉक्सी पिवळी पडते आणि पांढुरकी पूड धरते. तेवढ्यासाठी वर ॲलिफॅटिक (उन्हात पिवळं न पडणाऱ्या) पॉलियुरेथेनचा पातळ थर हवा. वेल्डिंगचा कोपरा आम्ही सरळ सोडून द्यायला सांगू. ठिणगी कुठल्याही थरावर काळा डाग ठेवतेच. बॅटऱ्या ठेवायची जागा असेल तर तेवढ्यापुरती नोव्होलॅक (ॲसिडला जास्त टिकणारी) इपॉक्सी घ्या, साधी इपॉक्सी सल्फ्युरिक ॲसिडचे शिंतोडे थोडाच वेळ सोसते.

२० ते २५ अंशांना एका दिवसाने चालता येतं, तीन दिवसांनी हलकं सामान ठेवता येतं, गाडीसाठी मात्र सात दिवस थांबा. थंडीत हे सगळं दुप्पट धरा. घाईने गाडी आत घेतली तर गरम टायर थराला चिकटतो आणि मागे घेताना तुकडा उचलून नेतो. जॅक लावताना खाली प्लायवूडचा तुकडा ठेवा.

कुठे टवका उडालाच तर तो लगेच दुरुस्त करा, कारण उघड्या कडेतून तेल आत शिरतं. सैल झालेला थर पक्की कड लागेपर्यंत काढा, भोवतीचा ५ सेंटिमीटर पट्टा घासून त्याची चकाकी मोडा, थेंबाची चाचणी पुन्हा घ्या. मग टेपने चौकोन आखून आधी प्रायमर, नंतर रंगाचा थर लावा. टेप थर ओला असतानाच ओढून काढा.