तीन घंट्यांत फोन: इंदूरच्या ऑफिसात नव्याने बसणाऱ्यांसाठी

‘तिसऱ्या घंटीच्या आत फोन उचलायचा’ हा नियम पहिल्याच दिवशी कानावर पडतो. तीन घंट्या म्हणजे किती वेळ, ते मात्र कुणी सांगत नाही. फोन करणाऱ्याला आपल्याकडे ‘ट्रिंग-ट्रिंग’ अशी जोडघंटी ऐकू येते, मग दोन सेकंद शांतता. एक फेरा साधारण तीन सेकंदांचा, म्हणजे तुमच्या हातात नऊ सेकंद. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, 2019 मध्ये लँडलाइनची घंटी 60 सेकंद वाजू द्यायचं ठरवलं खरं, पण सियागंजातला, म्हणजे इथल्या घाऊक बाजारातला, व्यापारी मिनिटभर थोडाच थांबतो? त्याच्या वहीत दुसऱ्या पेढीचाही नंबर असतो.

मी एका घाऊक हार्डवेअर पेढीत बरीच वर्षं फोन सांभाळले. नवी मुलं रिसीव्हरवर झडप घालायला शिकतात. खरा उशीर तिथे होत नाही. दुसरी लाईन वाजत राहते, कारण पहिली अजून संपलेली नसते. म्हणून रिसीव्हर कानाला लावून फाइल शोधायला उठू नका. बिल नंबर, पेढीचं नाव आणि परत कोणत्या नंबरवर बोलायचं एवढं लिहून घ्या, ‘दहा मिनिटांत मीच करते’ म्हणा आणि खरंच करा. एकदा केलात की पुढच्या वेळी तो माणूस स्वतःच थोडक्यात बोलतो. उजव्या हाताने लिहीत असाल तर फोन डावीकडे हवा. पेन आणि वही शोधण्यातच निम्मे सेकंद जातात.

फोन उचलून लगेच ‘होल्ड कीजिए’ म्हणणं मला अजिबात पटत नाही. मालकाच्या हिशेबात तो उचललेला फोन, समोरच्याच्या हिशेबात नाही. आधी ऐका, मग विचारून होल्डवर टाका.

सुरुवात हिंदीतच: नमस्ते, पेढीचं नाव, आपलं नाव. समोरून ‘अहो, जरा...’ आलं की मराठीत वळा. रामबागेतले, म्हणजे इथल्या मराठी वस्तीतले, काका मग ‘तुम्ही कुठल्या?’ म्हणून विचारतातच! गोड वाटतं, पण मागे लाईन वाजत असते. ‘काका, दुसरा फोन वाजतोय, तुमचं बिल बघून मीच कळवते,’ एवढं म्हटलं की कुणी रागावत नाही.

नंबर दिसत असेल तर गावाचा एसटीडी कोड ओळखायला शिका. 0734 म्हणजे उज्जैन, 07272 देवास. उचलण्याआधीच कोणतं खातं काढायचं याचा अंदाज येतो. शेजारच्या टेबलावरचा फोन आपल्या जागेवरून उचलायचा कोड प्रत्येक ईपीएबीएक्सचा (ऑफिसातले फोन जोडणाऱ्या यंत्राचा) वेगळा असतो. तो विचारून यंत्रावर चिकटवून ठेवा. जेवणाच्या सुट्टीत कोण बसणार हेही सकाळीच ठरवा. ‘कुणीतरी उचलेल’ म्हटलं की कुणीच उचलत नाही.

आणि रंगपंचमी. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, आपला बाजार बंद. मुंबईच्या पुरवठादाराला त्याचं काय? तो नेहमीसारखा फोन करणारच. आदल्या संध्याकाळी ऑफिसची लाईन ज्याने ड्युटी घेतली असेल त्याच्या मोबाइलवर वळवा आणि निघण्याआधी आपल्या मोबाइलवरून एकदा लावून बघा. लँडलाइनवरून मोबाइल लावताना 2021 पासून आधी शून्य लागतो, तो वळवतानाही विसरला जातो.