वर्गात उभं राहताना या चुका टाळा

‘वीस वर्षं झाली, चेहरा बघूनच पोर ओळखतो,’ असं सांगणारे गुरुजी प्रत्येक शिक्षण परिषदेत भेटतात. मीही तेच सांगायचे.

सगळ्यात मोठी चूक हीच. मालवण किनाऱ्यावरच्या शाळेत सातवीचा एक मुलगा पहिल्या तासाला पेंगायचा. रात्रभर मोबाइल बघत असणार, हे मी ठरवूनच टाकलं. एक दिवस सगळ्यांसमोर ओरडले, "झोपायला येतोस काय शाळेत? हात पुढे कर!" त्याने तळवे उघडले. दोरीने सोलवटलेले, बोटांच्या बेचक्यात अजून वाळू. "बाई, रापणीक गेललंय." पहाटेच्या अंधारात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून, वाट्याची मासळी घरी टाकून पोर आलं होतं.

मी मारलं नव्हतं. पण 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 मारासोबत मानसिक छळालाही मनाई करतं, ते उगाच नाही. पुढचे आठ दिवस एरवी हात वर करणाऱ्या मुलीही मान खाली घालून बसल्या. एकाला झापलं की त्याचे तरंग अख्ख्या वर्गात जातात, हे मानसशास्त्रज्ञ जेकब कौनिन यांनी 1970 मध्येच मांडलंय.

सुरुवातीच्या काही वर्षांत शिकवणं भराभर सुधारतं, पुढे तो वेग राहत नाही. मग अनुभवाने निदान फक्त झटपट होतं, बरोबर होतंच असं नाही. सॅलोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये भावनिक बुद्धिमत्ता म्हटलं ती इथे लागते: आपल्या नि समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखून मग वागणं. माझी सवय सांगते. हजेरीत चेहरा बघितल्याशिवाय खूण करत नाही. आवाज चढतोय असं वाटलं की फळा पुसायला वळते.

प्रश्न विचारून लगेच दुसऱ्याकडे वळू नका. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी निदान 3 सेकंद थांबायला सांगितलंय. घरी मालवणी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठी जुळवायलाच तेवढे लागतात.

एसटी चुकल्याचा राग वर्गात आणू नका.

नवे शिक्षक विचारतात, वर्ग गप्प करायची युक्ती सांगा. अशी युक्ती नसते, आणि गप्प वर्ग शिकतोच असंही नाही. मोबाइलवरच्या दहा प्रश्नांच्या चाचणीने भावनिक बुद्धिमत्ता मोजून प्रमाणपत्र मिरवू नका. महिनाभर मधल्या सुट्टीत मुलांशेजारी बसून जेवा.

त्या मुलाची मी दुसऱ्या दिवशी वर्गासमोरच माफी मागितली. रापण लागायची त्या दिवशी गणित मधल्या सुट्टीनंतर घ्यायला लागले.