एआय एजंटच्या कंटेनर नेटवर्क टूलचे डॉक्युमेंटेशन कसे लिहावे

सोलापुरातील टॉवेल कारखान्यांच्या ऑर्डरी आणि साठ्याचा हिशेब ठेवणारी आमची प्रणाली एका सर्व्हरवर डॉकरच्या काही कंटेनरांत, म्हणजे प्रोग्रॅम वेगवेगळे चालवणाऱ्या बंदिस्त कप्प्यांत, चालते. कोणता कंटेनर कोणत्या नेटवर्कवर आहे, त्याचा आयपी पत्ता काय आणि कोणते पोर्ट (सेवेपर्यंत पोहोचण्याचा क्रमांक) बाहेर उघडे आहे, हे सांगणारे छोटे टूल आम्ही एआय एजंटच्या, म्हणजे टूल वापरून स्वतः कामे करणाऱ्या एआय प्रोग्रॅमच्या, हाती दिले. टूल लिहायला एक दुपार पुरली, पण त्याचे वर्णन नीट बसायला आठवडा लागला. नवा सहकारी अडला की शेजारच्याला विचारतो. एजंट मात्र वर्णनात जे नाही ते अंदाजाने भरून काढतो.

आमचे पहिले वर्णन एका ओळीचे होते: ‘कंटेनरची नेटवर्क माहिती देते.’ त्याऐवजी आता असे लिहिले आहे: ‘एका कंटेनरचे नाव घेऊन तो ज्या ज्या नेटवर्कवर जोडलेला आहे त्यांची नावे, प्रत्येक नेटवर्कवरील पत्ता आणि पोर्टची जोडणी परत देते. दोन कंटेनर एकमेकांपर्यंत पोहोचत नसतील तेव्हा वापरावे. लॉग पाहण्यासाठी किंवा कंटेनर सुरू करण्यासाठी वापरू नये.’ केव्हा वापरू नये हे सांगणारे वाक्य कधीही गाळू नका, कारण एजंटपुढे दहा टूल असतात आणि निवड तो या वर्णनावरूनच करतो. नाव कोणते द्यायचे हेही स्पष्ट करा. कंपोझमध्ये, म्हणजे अनेक कंटेनर एकत्र चालवण्याच्या डॉकरच्या साधनात, सेवेचे नाव ‘साठा’ असले तरी कंटेनरचे नाव ‘टॉवेल-साठा-१’ असे असू शकते.

सर्वांत जास्त काळजी उत्तरातील रिकाम्या जागांची घ्यावी. दिवाळीआधीच्या गर्दीत एका संध्याकाळी साठ्याच्या कंटेनरचा पत्ता रिकामा आला. एजंटने नेटवर्क बिघडल्याचा निष्कर्ष काढून ते नव्याने तयार करण्याचा सल्ला दिला आणि आम्ही तो मानला. प्रत्यक्षात कंटेनर नुसता बंद पडला होता, आणि बंद कंटेनरच्या पत्त्याच्या जागी डॉकर रिकामा मजकूर देतो. तेव्हापासून उत्तरात ‘स्थिती’ हा रकाना आहे आणि रिकाम्या पत्त्याची कारणे वर्णनातच लिहिलेली आहेत: कंटेनर बंद असेल, तो ‘होस्ट’ पद्धतीने सर्व्हरचेच नेटवर्क वापरत असेल, किंवा त्याला मुद्दाम कोणतेच नेटवर्क दिलेले नसेल. प्रत्येक कारणापुढे पुढचे पाऊलही लिहावे.

पत्ता कायमचा नसतो, हेही ठळकपणे सांगावे लागते. सोलापूरच्या गड्डा यात्रेत ओळखीचा दुकानदार यंदाही होम मैदानावर भेटेल, पण गेल्या वर्षीच्याच जागी भेटेल असे नाही. आपण त्याला नावाने शोधतो. कंटेनर पुन्हा तयार झाला की त्याचाही पत्ता बदलू शकतो, म्हणून मिळालेला पत्ता कॉन्फिगरेशनमध्ये लिहू नये, नाव लिहावे, अशी सूचना वर्णनात हवी. मात्र डॉकर आपोआप देतो त्या मूळ ब्रिज नेटवर्कवर, ज्याची पत्तामाला बहुधा १७२.१७.०.०/१६ असते, नावावरून पत्ता मिळत नाही; आपण स्वतः तयार केलेल्या नेटवर्कवर तो डॉकरच्या अंतर्गत डीएनएसकडून (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेकडून), म्हणजे १२७.०.०.११ कडून मिळतो. हा फरक न लिहिल्यास एजंट योग्य नाव देऊनही अडकतो.

पोर्टसाठी एक उदाहरण पुरते. डेटाबेस कंटेनरच्या आत ५४३२ वर आणि सर्व्हरवर १५४३२ वर असेल, तर त्याच नेटवर्कवरील दुसऱ्या कंटेनरने ५४३२ वापरावे आणि सर्व्हरच्या बाहेरून येणाऱ्याने १५४३२.

‘या नावाचा कंटेनर सापडला नाही’ आणि ‘डॉकरशी संपर्क झाला नाही’ हे दोन संदेश वेगळे ठेवावेत, नाहीतर डॉकर बंद असतानाही एजंट कंटेनरच अस्तित्वात नसल्याचे सांगेल. टूल फक्त वाचते असे वर्णनात लिहिणे पुरेसे नाही. ते कोडमध्येही तसेच असले पाहिजे, कारण डॉकरच्या सॉकेटचा (त्याला आदेश देण्याच्या वाटेचा) मोकळा ताबा म्हणजे व्यवहारात सर्व्हरचा रूट, म्हणजे सर्वोच्च, अधिकार असतो. शिवाय डॉकरच्या ‘इन्स्पेक्ट’ आदेशाच्या पूर्ण उत्तरात पर्यावरण चले (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेली मूल्ये) येतात आणि त्यांत अनेकदा पासवर्ड असतात. ती गाळूनच उत्तर द्यावे.

लिहून झाल्यावर कोऱ्या संभाषणात एजंटला केवळ हे वर्णन द्यावे आणि एक कंटेनर मुद्दाम बंद ठेवून विचारावे, ‘ऑर्डरीचा कंटेनर साठ्यापर्यंत का पोहोचत नाही?’ एजंटने पत्त्याआधी स्थिती पाहिली नाही, तर स्थितीचे वाक्य वर्णनात आणखी वर आणावे आणि पुन्हा नव्या संभाषणात हाच प्रश्न विचारावा. आमच्याकडे ते वाक्य चौथ्या खेपेला योग्य जागी बसले.