विंडोज की लिनक्स? जुन्या लॅपटॉपवर तुलना करताना या चुका टाळा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हापासून मला एकच प्रश्न येतो: "जुना लॅपटॉप आहे, लिनक्स टाकू का? फास्ट चालतं म्हणे." (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम.) विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणून चांगली चालती मशीन बाद झाली. प्रश्न रास्त आहे, तुलना मात्र बहुतेकांची भलतीच असते.

सगळ्यात जास्त फसवतं ते 'किती सेकंदांत सुरू झालं'. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बहुधा आधीपासूनच चालू असतं. तुम्ही शट डाउन करता, पण कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. खरं मोजायचं तर रीस्टार्ट करून मोजा. ड्युअल बूटमध्ये (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही) याचाच दुसरा त्रास: विंडोज पूर्ण बंद झालेलं नसतं, म्हणून लिनक्समधून डी ड्राइव्ह उघडला तर फाइल्स दिसतात, पण सेव्ह काही होत नाही. लोक म्हणतात, लिनक्सने डिस्क बिघडवली. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा आणि एकदा नीट शट डाउन करा.

माझ्या भाच्याने नवी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली, तिच्यावर लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं आणि घरभर सांगत सुटला की लिनक्स रॉकेट आहे. आधीचं विंडोज फिरत्या हार्ड डिस्कवर होतं! कष्ट एसएसडीचे, कौतुक लिनक्सचं. उलटंही होतं, पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून 'हे पण स्लोच' म्हणणारे भेटतात. पेनड्राइव्हवर वायफाय, आवाज, ब्राइटनेस चालतात का एवढंच बघा.

'रॅम भरली' म्हणूनही घाबरू नका. मोकळी रॅम लिनक्स कॅशेला (डिस्कवरचा डेटा हाताशी ठेवायला) वापरतं आणि गरज पडली की सोडतं. रॅमचा हिशेब दाखवणाऱ्या फ्री कमांडमध्ये 'अव्हेलेबल'चा रकाना वाचायचा.

आता माझी चूक. शेजारच्या किराणा दुकानदारकाकांना मी उत्साहाने मिंट टाकून दिलं. मराठी टायपिंग, प्रिंटर, ब्राउझर, सगळं चाललं. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप परत आला: "टॅली कुठाय रे?" टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, विंडोजवर चालते, आणि काकांसाठी कॉम्प्युटर म्हणजे टॅली. आधी विचारायला हवं होतं. मग दोन्ही सिस्टिम ठेवल्या. लगेच सकाळी दहाला फोन: "विंडोजमध्ये पहाटेचे साडेचार दाखवतंय." मदरबोर्डचं घड्याळ लिनक्स यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) ठेवतं, विंडोज तेच स्थानिक वेळ समजतं, म्हणून आपल्याकडे बरोब्बर साडेपाच तासांचा फरक. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल (timedatectl) कमांडने 'सेट-लोकल-आरटीसी १' (set-local-rtc 1) केलं, म्हणजे लिनक्सलाही ते घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला लावलं, विंडोजमध्ये एकदा वेळ सिंक केली, आणि काकांच्या लॅपटॉपवर दहा वाजले.