ड्रीम थिएटरची ‘ट्वेल्व्ह-स्टेप सुइट’ कशी ऐकावी

अमेरिकी मेटल बँड ड्रीम थिएटरचे ड्रमवादक माइक पोर्टनॉय यांनी दारूच्या व्यसनातून बाहेर पडताना लिहिलेली ही सुइट, म्हणजे एकमेकांशी जोडलेली पाच गाणी, 2002 ते 2009 दरम्यानच्या पाच अल्बममध्ये विखुरली आहेत. आधी ती क्रमाने एका यादीत लावा: द ग्लास प्रिझन, धिस डाइंग सोल, द रूट ऑफ ऑल ईव्हिल, रिपेंटन्स, द शॅटर्ड फोर्ट्रेस. एकूण सुमारे 57 मिनिटे.

शेजारी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या बारा पायऱ्या ठेवा. पाच गाण्यांत पायऱ्यांची वाटणी अशी: 1-3, 4-5, 6-7, 8-9, 10-12. गाण्यांत प्रत्येक पायरीचा एक उपभाग आहे आणि प्रत्येक उपभागाचे नाव इंग्रजी ‘आर’ने सुरू होते.

पहिल्या फेरीत शब्द बाजूला ठेवून फक्त रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारे छोटे सुरांचे तुकडे, ओळखा. पहिल्या चार गाण्यांतल्या रिफ आणि ओळी पाचव्यात परततात, म्हणून थेट शेवटचे गाणे लावले तर ते नुसते तुकडे जोडल्यासारखे वाटते. खरे तर दहावी पायरी रोजच्या आत्मपरीक्षणाची. जुने सूर पुन्हा येणे हाच तिचा अर्थ.

सर्वाधिक वेळ ‘रिपेंटन्स’ला द्या. वेगाची सवय लागलेले श्रोते हे संथ गाणे पुढे ढकलतात आणि मोठी चूक करतात. आठवी पायरी दुखावलेल्यांची यादी करण्याची, नववी भरपाईची. इथे स्टीव्ह वाय, कोरी टेलर यांच्यासह अनेक संगीतकारांचे माफीचे बोल ऐकू येतात. हेडफोन लावूनच ऐका, कारण ते आवाज वाद्यांत मिसळलेले आहेत.