गॅरेजपर्यंत जमिनीखालून वायर नेताय? या चुका टाळा

जुलैतला पहिला दमदार पाऊस झाला की आमच्या घराचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) ट्रिप व्हायचा. दोन दिवस ऊन पडलं की पुन्हा सगळं सुरळीत. तिसऱ्या पावसाळ्यात वैतागून मागच्या गॅरेजकडे जाणारा पाइप उकरला. एल्बो, म्हणजे पाइपाचा वळणाचा तुकडा, कापताच गढूळ पाण्याची धार लागली आणि पाठोपाठ वायरचा एक जोड बाहेर आला. वर काळी टेप, आत तांब्यावर हिरवा बुरा. वायर टाकताना वायरमन बिनधास्त म्हणाला होता, "कुछ नी होता भिया, पाइप में है."

ही पाइपवरची श्रद्धा इंदूरात घरोघरी आहे. जमिनीतल्या पाइपात पाणी शिरतंच. पावसाचं पाणी सांध्यांतून येतं, आणि ऐन उन्हाळ्यातही दिवसा तापलेली दमट हवा रात्री आत निवली की थेंब धरतात. मालव्यात 'डग डग रोटी, पग पग नीर' म्हणतात. त्यातलं नीर आधी या पाइपात पोचतं. घराच्या भिंतीतून जाते ती एकेरी वायर अशी महिनोन्‌महिने पाण्यात बसायला केलेलीच नाही.

मग कोणीतरी शहाणा सुचवतो, "बोरिंगच्या मोटरची चपटी वायर टाका ना, ती तर पाण्यातच असते!" माझे सासरेही यावर अडून बसले होते. पाण्याचं त्यांचं बरोबर होतं. पण जमिनीत पाण्याखेरीज घुशी असतात, वाळवी असते आणि माळ्याची कुदळ असते. चपट्या वायरला यांच्यापासून वाचवणारं कवच नाही. बोअरमध्ये कुदळ जात नाही, म्हणून तिथे ती टिकते.

जमिनीत घालायची ती आर्मर्ड केबल, म्हणजे आतल्या आवरणावर पोलादी तारांचं किंवा पट्टीचं कवच आणि त्यावर पुन्हा पीव्हीसी. घेताना तिच्या अंगावर छापलेलं वाचा. आयएस म्हणजे भारतीय मानक. आयएस ७०९८ म्हणजे एक्सएलपीई, जास्त उष्णता सोसणारं प्लॅस्टिक, आतला धातू ९० अंशांपर्यंत तापला तरी चालतं. आयएस १५५४ म्हणजे पीव्हीसी, तिची मर्यादा ७०. आयएस ६९४ छापलेली घरातली वायर असेल तर दुकानातच परत करा.

आता जाडी. महाराणी रोडवर वायर घ्यायला गेलात की पहिला प्रश्न येतो, लोड किती? अंतर किती, हे तुम्हालाच सांगावं लागतं, आणि बहुतेक जण सांगत नाहीत. आमचं गॅरेज डोळ्यांना वीस-बावीस मीटरवर दिसतं. पेरूचं झाड आणि पाण्याची टाकी यांना वळसा घालून टेप धरली तेव्हा ३५ भरले. वीज जाते तशी परतही येते, म्हणजे हिशेब ७० मीटरचा. तांब्याच्या अडीच एमएम वायरचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम, म्हणजे आमच्यासाठी अर्ध्या ओहमच्या जरा वर. १६ अँपिअरला ८ व्होल्ट वाटेतच गळतात. दोन एचपीच्या कॉम्प्रेसरने सुरू होताना ५० अँपिअर ओढले तर २६ व्होल्ट गेले. मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि दोष बिचाऱ्या कॅपॅसिटरला लागतो.

एमएमवरून आठवलं. हा आकडा तारेच्या व्यासाचा नव्हे, तिच्या छेदाच्या क्षेत्रफळाचा, चौरस मिलिमीटरमध्ये. पट्टी लावून मोजायला जाल तर उगाच दुकानदाराशी भांडाल.

उद्या इलेक्ट्रिक गाडी येणार असेल तर आजच विचार करा. साधा १६ अँपिअरचा चार्जर वेगळा आणि भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा वेगळा. दुसरा तासन्‌तास ३२ अँपिअर ओढतो. ३५ मीटरवर सहा एमएम तांब्यात तेव्हा ७ व्होल्ट पडतात, दहामध्ये ४. मी दहाची घेतली. तांबं परवडत नसेल तर ॲल्युमिनियम चालतं, फक्त एक पायरी जाड घ्या: तांबं सहा तर ॲल्युमिनियम दहा, तांबं दहा तर सोळा. पण ॲल्युमिनियमचं टोक उघडंच एमसीबीत (जास्त प्रवाह गेला की पडणाऱ्या स्विचमध्ये) खुपसू नका. त्याला योग्य लग, म्हणजे टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी, हवा, नाहीतर ते सैल होऊन तापतं. घराचा मंजूर लोडही वाढवून घ्यावा लागेल, हे वेगळं सांगायला नको.

खणताना आळस नको. आयएस १२५५ प्रमाणे खोली ७५० मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते. ताणून टाकलेली केबल तिच्याबरोबर ओढली जाते, म्हणून ती किंचित नागमोडी टाका आणि दोन्ही टोकांना एकेक वेढा शिल्लक ठेवा. खाली-वर तीन-तीन इंच वाळू, वर विटा, त्यावर धोक्याची पट्टी. मध्ये जोड नको. कॅमेऱ्याची केबल तिच्यासोबत कोंबू नका.

अर्थिंगमध्ये होणारी चूक मात्र जीवघेणी आहे. गॅरेजपाशी एक रॉड ठोकतात आणि घरून अर्थ आणतच नाहीत. त्या रॉडचा रोध १० ओहम धरा. फेज शटरला चिकटला तर जास्तीत जास्त २३ अँपिअर वाहतील, आणि ३२ चा एमसीबी ढिम्म हलणार नाही. शटर मात्र जिवंत. म्हणून तीन कोअरची, म्हणजे आत तीन तारा असलेली, केबल घ्या, तिसरा कोअर अर्थचा, कवचही ग्लँड (कवच घट्ट धरणारा धातूचा जोड) लावून अर्थला जोडा. न्यूट्रल आणि अर्थ गॅरेजमध्ये एकत्र बांधू नका. सॉकेटांना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच.

आधीच टाकलेली वायर त्रास देत असेल तर असं शोधा. गॅरेजमधला दोन पोलांचा आयसोलेटर, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच, बंद करा. तरीही आरसीसीबी पडत असेल तर दोष केबलमध्ये किंवा घरातच आहे. नाही पडला तर दोष गॅरेजमधल्या वायरिंगमध्ये किंवा कुठल्यातरी वस्तूत. एकपोली एमसीबी पाडून ही परीक्षा होत नाही, कारण न्यूट्रल जोडलेलाच राहतो. दिवे मंद होत असतील तर लोड चालू ठेवून घरी आणि गॅरेजमध्ये व्होल्टेज मोजून घ्या. फरक हिशेबापेक्षा दुप्पट-तिप्पट निघाला तर जाडीला दोष देऊ नका, सैल जोड शोधा. शटरला हात लावून झिणझिण्या आल्या तर मोजमाप नंतर. आधी मेन बंद, मग परवानाधारक वायरमन. नवी केबल जोडण्याआधी त्याच्याकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (तारेचं आवरण शाबूत आहे का ते दाखवणाऱ्या यंत्राने) तपासून घ्या, आणि माती लोटण्यापूर्वी चराचे टेप लावून फोटो काढा. आमच्याकडे मीटरच्या पेटीच्या झाकणाआड मार्करने लिहिलंय: भिंतीपासून सव्वा फूट, खोली अडीच, पेरूपाशी वळण.