दूध-दही सोडलंय, मग प्रोटीनचं काय?

साताऱ्यात राहून दूध, दही, तूप सगळं बंद केलं की घरचे पहिलं हेच विचारतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. हिशोब सोपा आहे, वजनाच्या किलोमागे रोज साधारण 0.83 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम. नुसत्या भाजी-भाकरीवर ते होत नाही. माझं ऐका, कोरेगावचा वाघ्या घेवडा आणा, राजम्यासारखं कडधान्य, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला आपला घेवडा आहे तो. रात्री भिजत घाला, सकाळी ते पाणी ओतून द्या आणि नव्या पाण्यात कुकरला दाणा बोटाने दाबला की लोण्यासारखा चेपेपर्यंत शिजवा, कच्चट राहिला तर पोट बिघडतं. 50 ग्रॅम कोरड्या घेवड्यात 11 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. सोबत ज्वारीची भाकरीच घ्या, कारण ज्वारीत लायसिन (प्रोटीनमधला एक गरजेचा घटक) कमी असतं ते घेवडा भरून काढतो. 30 ग्रॅम सोयाचंक्समधून 15 ग्रॅम आरामात मिळतं, मूठभर शेंगदाण्यातून 7, वरनं डाळ-भात आहेच. पावडरचे महागडे डबे लागत नाहीत खरंच. फक्त व्हिटॅमिन बी12 ची गोळी डॉक्टरांना विचारून सुरू करा, ते डाळी-कडधान्यातून मिळत नाही.